म्हशीच्या नावचा फोन

"तुमची खोड काय?"

खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा आमच्या घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही विचारलं, गाव नाही, पगार नाही. मी नुकताच युसूफ वडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो होतो. इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल, तोंडावर सरकारी नोकरीचं तेज. छाती काढून म्हणालो, "खोड? काहीच नाही. ना बिडी, ना तंबाखू, ना पत्ते."

"मंग खोली न्हाई," असं म्हणून ते गृहस्थ खुशाल कडबा तोडायला लागले.

आता याला काय म्हणावं? गावात दुसरी रिकामी खोली नव्हती. उन्हात पाच-दहा मिनिटं उभा राहिलो आणि शेवटी लाज गिळून बोललो, "झोपेत बडबडतो मी."

विळा थांबला. "काय बडबडता?"

"पाढे. एकोणतीसचा."

"आसं बोला की राव!" त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. "बिनखोडीचं जनावर देवानं पैदाच केलेलं न्हाई, डाक्टर. जो न्हाई म्हनतो त्यो लपवायलाय. आता माझी खोड ऐका. मी येक गोष्ट चारदा सांगतो."

"चारदा न्हाई, सातदा," आतून बाईमाणसाचा आवाज आला.

त्या मावशी, घरमालकीण. आबांच्या बोलण्यातल्या चुका दुरुस्त करायचं काम त्या चाळीस वर्षं बिनपगारी करत होत्या. आबा म्हणजे आमचे घरमालक. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं. मला गाव डॉक्टर म्हणायचं. मी डॉक्टर नव्हतो, पण ते सांगून सांगून पहिल्या महिन्यातच थकलो.

आबा जुने हेडी. हेडी म्हणजे गुराढोरांचा व्यापारी. आसपासचे पाच-सहा बैलबाजार त्यांनी उभ्या जन्मात पायाखाली घातलेले. गुडघे गेल्यावर धंदा सोडला, पण धंद्यानं त्यांना सोडलं नाही. जगात जे काही विकत मिळतं ते सगळं जनावरच आहे, अशी त्यांची पक्की खात्री झालेली होती. छताचा पंखा आणला तर आधी तीन दिवस "दावणीला बांधून बघतो" म्हणून आणायचा, आणि तिसऱ्या दिवशी "मान हलवतंय" म्हणून परत द्यायचा. माझी मोटारसायकल बघितली तेव्हा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी तिच्या सीटवर थाप मारली आणि ती कशी थरथरते ते बघितलं. लेकीला मुलगा बघायला परळीला गेले होते, तेव्हा नवऱ्या मुलाला भर बैठकीतून उठवून म्हणाले, "बाळा, त्या हातपंपापोतर जाऊन ये बरं." मुलगा गेला, आला. आबांनी चाल पाहिली, मग खोड विचारली. तो बिचारा म्हणाला, "मला दिवसातून सहा वेळा चहा लागतो." तिथंच सुपारी फुटली. जावई चांगला निघाला, हे सांगायला पाहिजे. परळीत त्याची पिठाची गिरणी आहे आणि चहा अजून सहाच वेळा आहे.

आबांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आदी दात, मंग बात." जनावराचं वय दातांवरून कळतं, पण हे ते भाजीवालीलाही म्हणायचे.

अशा माणसाकडं फोन नव्हता, यात नवल ते काय? अख्ख्या गावात होता. मेंढरं वळणारे गळ्यात अडकवून फिरत होते, किराणावाला दोन-दोन बाळगत होता, मंदिराच्या पुजाऱ्याच्या कमरेला आरती चालू असताना वाजायचा. आबा मात्र हटून बसलेले. त्यांचं म्हणणं असं की बोलणं म्हणजे सौदा, आणि सौदा हातात हात घेतल्याशिवाय होत नाही. बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दोघं हेडी एका टॉवेलाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि भाव ठरतो. भोवतीच्या माणसांना शेवटपर्यंत आकडा कळत नाही. "जे खरं हाय ते टॉवेलाखाली," आबा म्हणायचे. "तोंडानं जे चालतंय ती नुसती बडबड. फोनवर तर हातबी न्हाई आन तोंडबी न्हाई. कावून घ्यावा?"

तोंडानं चालणारी बडबड ते स्वतः दिवसभर करत, तो भाग वेगळा. मुद्द्याची गोष्ट आली की मात्र गप्प. मावशींना काही सांगायचं असलं की खाकरायचे, दोनदा छपराकडं बघायचे आणि गोठ्यात निघून जायचे.

आणि त्यांचे सगळे फोन यायचे माझ्या फोनवर! लेकीचा, व्याह्यांचा, जुन्या दलालांचा. मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभा असायचो आणि खिशात आबांच्या मेहुण्याचा फोन वाजायचा. पगार घेतो मी सरकारचा, चाकरी करतो घरमालकाची. दहादा सांगून पाहिलं. ते म्हणायचे, "तुमचा हाय की. मंग माझा कशाला?"

मग एकदा मावशी लेकीकडं परळीला गेल्या, आणि परत येताना बसस्टँडवर त्यांचा पाय मुरगळला. दुपारची दोनची वेळ. शेजारच्या बाईच्या फोनवरून त्यांनी मला फोन लावला. मी तेव्हा एका वस्तीवर अडलेली गाय सोडवत होतो, फोन पिशवीत, पिशवी गाडीला, गाडी बांधावर. सहा वेळा फोन केला बिचारीनं. लेकीचा नंबर पाठ नाही, कारण पाठ करायची कधी गरजच पडली नव्हती. माझा तेवढा पाठ. दिवस मावळायला लागल्यावर गिरणीवरचा एक ओळखीचा माणूस दिसला, त्यानं जावयाला बोलावलं. सूज इतकी, की चप्पल हातात धरून त्या लेकीच्या घरी गेल्या.

इकडं आबा ओसरीवर बसून म्हणत होते, "येईल की. बस चुकली आसंल."

दुसऱ्या दिवशी मावशींचा निरोप माझ्याच फोनवर आला. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळं मीच घाबरलो. "डाक्टर, त्यांला सांगा. घरात फोन आल्याशिवाय मी उंबरा चढत न्हाई. आन त्यो फोन त्यांनी घ्यायचा, त्यांनी लावायचा, आन ये म्हनून त्यांच्या तोंडानं म्हनायचं. तुमच्या तोंडानं न्हाई."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. आबा हसले. "चार दिसात येती बगा."

चार दिवस गेले. आठ गेले. पंधरा गेले. जावयाच्या दारात बोलावल्याशिवाय जाणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न, आणि ये म्हणणं म्हणजे त्याहून मोठा. आबा पातेल्यात पिठलं करायचे आणि पातेल्यासकट खायचे, कारण ते पातेल्याला सोडत नव्हतं. रोज संध्याकाळी बसच्या वेळेला ते रस्त्याकडच्या भिंतीला उगीच हात लावून बघायचे, जणू गिलावा ओला आहे. मला दिसायचं. वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. अरे माणसा, एक शब्द आहे, बोलून टाक की!

पण आबांच्या आधी म्हैस बिथरली.

भोरी नावाची म्हैस होती त्यांची, मावशींच्या हाताला सवकलेली. मावशी बसल्याशिवाय, मावशींचा आवाज कानात पडल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. पहिले काही दिवस दोन-तीन धारा दिल्या, मग साफ बंद. रेडकापुरतं चोरून ठेवायची. आबांनी सरकी घातली, पेंड घातली, शिव्या घातल्या. मग एका सकाळी मला हाक आली, "डाक्टर, जरा गोठ्यात या. आन येकटेच या."

गेलो तर आबा मावशींचं हिरवं लुगडं नेसून म्हशीखाली बसलेले. डोक्यावर पदर, पदराखाली मिशा, हातात बांगड्या. बांगड्या मनगटात जाईनात म्हणून दोऱ्यानं बांधलेल्या.

मी तोंडात रुमाल कोंबला.

"हसू नका," आबा म्हणाले. "वासावर फसती म्हैस. माझ्या बापानं आसंच केलतं."

भोरीनं मान वळवून त्यांच्याकडं नीट बघितलं. मग एक पाय उचलला आणि चरवी सरळ उकिरड्यापर्यंत पाठवली.

"पान्ह्याचं इंजेक्शन मारा," आबा पदर सावरत म्हणाले.

"ते इंजेक्शन मी मारत नसतो, आबा. आणि ती गाभण आहे, साडेपाच महिन्यांची. मीच तपासलीय, मावशींनी तारीख लिहून घेतलीय." मग मला काय सुचलं कोण जाणे, मी खिशातून फोन काढला. "आवाज ऐकवून बघू का?"

लेकीच्या नंबरला फोन लावला, मावशींना बोलावलं, सगळं सांगितलं. लुगड्याचंही सांगितलं, नसतं सांगितलं तर माझं पोट फुगलं असतं. पलीकडं बराच वेळ फक्त हसू ऐकू येत होतं. मग त्या म्हणाल्या, "म्हशीचा काय दोष? लावा तिच्या कानाला."

स्पीकर चालू केला. "भोरे, ए बाय माझी. सोड गं. हाऽऽ हाऽऽ." भोरीचे कान उभे राहिले. तिनं रवंथ थांबवला, मग परत सुरू केला, आणि खाली आबांच्या बोटांत दूध आलं. चर्र, चर्र, चर्र. आबा पदरातून माझ्याकडं बघत राहिले. दूध बघत नव्हते हो ते. फोन बघत होते.

धार संपल्यावर मावशी म्हणाल्या, "आज केलं. रोज भाड्याच्या फोनवर मी बोलायची न्हाई." आणि फोन ठेवला.

आबांनी लुगडं सोडलं, घडी घातली, दोनदा छपराकडं बघितलं. "डाक्टर," ते म्हणाले, "भोरीसाठी येक फोन घ्यावा लागतंय."

मी मनात म्हणालो, घ्या की भोरीसाठी. कुणाच्या का कोंबड्यानं होईना, उजाडू दे.

पण हेड्यानं वस्तू घ्यायची म्हणजे ती काय सरळ घ्यायची? आधी कुठल्या कंपनीचं कार्ड, ते ठरायला आठवडा गेला. घरात रेंज आहे की नाही याच्याशी आबांना देणंघेणं नव्हतं. गोठ्यात पाहिजे होती. गल्लीतल्या पाच जणांचे फोन त्यांनी मागून आणले आणि दावणीवर ओळीनं मांडले. कंपन्यांची नावं त्यांना लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी बैलांच्या जातींवरून नावं पाडली. एक देवणी, एक लाल कंधारी, एक गावरान. मला निकाल लिहून घ्यायला बसवलं. देवणी दिसायला उमदं, पण फक्त लिंबाच्या झाडाखाली उभं राहतंय. गावरान मनाला येईल तेव्हा येतंय आणि जातंय. कंधारी गोठ्यात ठाम. एवढ्यात भोरीनं किराणावाल्याचा फोन चाटून पुसून स्वच्छ केला, म्हणून चाचणी घाईघाईनं बंद करावी लागली. कंधारी पास झालं.

मग केज. बसस्टँडजवळ एका बाईंचं मोबाईलचं दुकान होतं, चाळिशीच्या बाई, थंड डोक्याच्या. तिथं माझ्या आयुष्यातले अडीच तास गेले. आबांनी काचेवर टॉवेल अंथरला आणि पहिला फोन हातात घेऊन म्हणाले, "बाई, खोड सांगा."

"कशाची?"

"ह्या फोनची."

"काका, नवीन माल आहे. काहीच प्रॉब्लेम नाही."

आबांनी फोन खाली ठेवला. दुसरा. तिसरा. मोठ्या काचेचा एक दाखवला तर त्याला बोट लावताच चित्र पळालं. "हात लावला की बिथरतंय," म्हणून बाद. एक पातळ होता, "हाडं दिसायलीत," म्हणून बाद. एकाची कड दाबून ते सगळीकडून चाचपत होते, तेव्हा बाईंनी मला हळूच विचारलं, "काका काय शोधायलेत?"

"दात," मी म्हणालो. आता लाजून काय उपयोग होता?

नवव्या फोनला बाई बेजार झाल्या. त्यांनी अगदी खालच्या कप्प्यातून बटनांचा एक जाडजूड फोन काढून आपटला. "हा घ्या! ह्याचा आवाज इतका मोठा हाय की कमी केला तरी कमी होत न्हाई. रेडिओ आपल्या मनानंच चालू होतोय. आन सातचं बटन दोनदा दाबल्याबिगर लागत न्हाई. तीन गिऱ्हाइकांनी परत दिलाय!"

आबांचा चेहरा उजळला. "घ्या! बाई इमानदार हाय. ह्योच बांधा."

भाव करायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. भाव टॉवेलाखाली करायचा, आणि परक्या बाईचा हात हातात कसा घेणार? आबांनी माझा हात टॉवेलाखाली ओढला आणि बोटं दाबली. "सांगा त्यांला."

"काय सांगू?"

"मी दाबलं त्ये!"

मला काय कळतंय त्यातलं? मी अंदाजानं एक आकडा बोललो. बाई लगेच "ठीक आहे" म्हणाल्या. आबांनी टॉवेलाखाली माझं बोट असं पिरगाळलं की डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या वाटेवर त्यांनी मला चारदा सांगितलं की मी त्यांना बुडवलं. मावशी असत्या तर सातदा म्हणाल्या असत्या.

पण ते नंतर. आधी कार्ड घ्यायचं होतं. बाई म्हणाल्या, "कुणाच्या नावावर?"

"भोरीच्या."

"आधार कार्ड आणलंय का त्यांचं?"

आबांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर बारा आकडे. बाईंनी ते टाकले, मशीन घेईना. परत टाकले, घेईना. मी वाकून चिठ्ठी बघितली आणि ते आकडे ओळखले. भोरीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे आकडे! तो बिल्ला मीच टोचला होता, सरकारी नोंदीसाठी.

"आबा, हा म्हशीचा नंबर आहे."

"मंग? सरकारनंच दिलाय ना? मानसाचा बारा आकडी, हिचाबी बारा आकडी. हिचा तर कानातच हाय, इसरायची भीती न्हाई."

बाईंनी आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "तुम्ही ह्यांचे कोण?"

"भाडेकरू," मी म्हणालो. जन्मात या शब्दाचा इतका आधार कधी वाटला नव्हता.

शेवटी आबांच्या अंगठ्यावर कार्ड निघालं. "नाव माझं, फोन तिचा," असं त्यांनी बाईंकडून दोनदा कबूल करून घेतलं. मग प्लॅन. बाईंनी तक्ता पुढं ठेवला: महिन्याचा, दोन महिन्यांचा, चौऱ्याऐंशी दिवसांचा; सगळ्यात बोलणं अमर्याद.

"मला सकाळी अर्धा घंटा पायजे आन संध्याकाळी अर्धा घंटा. धारंच्या टायमाला. मधलं नगं."

"काका, दिवसभर किती पण बोलू शकता."

"कुणाशी? मधल्या टायमाला म्हैस रानात आसती."

"आणि रोज दीड जीबी डेटा फ्री आहे."

"ते काय आसतंय?"

"नाही वापरलं तर बारा वाजता संपून जातं."

आबांना हे फार लागलं. "रोज द्यायचं आन रोज नासवायचं? शिळं ठिवून दुसऱ्या दिवशी चालत न्हाई?" दुष्काळी मुलखातला माणूस, काहीही फुकट जाताना त्याला बघवत नाही. शेवटी सगळ्यात लहान, अठ्ठावीस दिवसांचा घेतला. महिना अठ्ठावीस दिवसांचा कसा, यावर पुन्हा पाऊण तास. बाईंनी मला चहा पाजला, आबांना नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे धारेच्या वेळेला आबांनी पहिला फोन लावला. परळीच्या नंबरात तीन सात. सातचं बटन सहा वेळा दाबल्याची खात्री करून घेतली, फोन दावणीत ठेवला आणि चरवी घेऊन खाली बसले. मी दारात उभा होतो, मावशींची अट आता पुरी होणार म्हणून.

"कोण बोलायलंय?" मावशी.

आबा खाकरले. मग म्हणाले, "म्हैस."

मला वाटलं, ठेवणार आता फोन. पण मावशीही काही कमी नव्हत्या. "बरं. मंग मी म्हशीशीच बोलते," त्या म्हणाल्या. "भोरे, पाय आता बरा हाय गं माझा. तुला कुणी इचारलं न्हाई, तरी सांगते."

आणि हे सुरू झालं. रोज दोन वेळा. तो फोन इतका मोठ्यानं बोलायचा की निम्मी गल्ली दात घासत ऐकायची.

"भोरे, तुझा मालक काय खायलाय गं?"

"तिला म्हनावं, पिठलं."

"रोज?"

"तिला म्हनावं, येकदा भात केलता. त्येचंबी पिठलंच झालं."

"भोरे, त्याला सांग, फडताळात वरच्या डब्यात मेतकूट हाय."

मधेच रेडिओ आपल्या मनानं चालू व्हायचा आणि कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती सांगायचा. मग दोघंही थांबून ऐकायचे, आणि मावशी म्हणायच्या, "झालं का त्यांचं?" आबा म्हणायचे, "म्हैस म्हनती झालं." ये हा एक शब्द तेवढा कुणी काढत नव्हतं. मी एकदा आबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "ती समजून घ्यील की." मी म्हणालो, "चाळीस वर्षं समजूनच घेतलंय त्यांनी." तर चिडून दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस मी तरी शांत झोपलो, पाढे म्हणत.

असा दीड महिना गेला. भोरी साडेसात महिन्यांची गाभण झाली आणि निसर्गाप्रमाणं आटली. मीच आबांना सांगितलं, आता धार बंद करा, तिला आराम द्या. त्यांनी मान डोलावली. चला, म्हटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल.

आठ-दहा दिवसांनी ते माझ्याकडं आले. "डाक्टर, पॅक संपायलाय. येक मारून द्या."

"किती दिवसांचा?"

त्यांनी दोनदा छपराकडं बघितलं. "त्यो चौऱ्याऐंशीचा."

"आबा, भोरी तर आटलीय."

"तुमी मारा हो!" ते एकदम ओरडले, आणि गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी गुपचूप गोठ्यात डोकावलो. भोरी निवांत पाय पसरून बसली होती. आबा तिच्याशेजारी खाली बसलेले, पुढ्यात चरवी, फोन दावणीत. आणि हा माणूस तांब्यातून चरवीत पाण्याची बारीक धार सोडत होता. चर्र. थांबून परत चर्र. अगदी धारेच्या लयीत. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं. सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांत इतकी विनवणी मी कधी बघितली नव्हती.

मावशी पलीकडून भोरीला लेकीच्या घरच्या गमती सांगत होत्या. सांगता सांगता थांबल्या.

"चरवी भरली का?"

"म्हैस म्हनती, भरत आली."

"अवो," मावशी म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या म्हशीशी बोलत नव्हत्या. "भोरी कवाच आटली आसंल. तारीख मी लिवून ठिवलीय. धा-बारा दिस झालं, मी पानी वततानाच आवाज ऐकायलेय. दुधाचा आवाज आसा नसतो. फोन कुनासाठी करायलाव तुमी?"

आबांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी छपराकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. यात भाडेकरूचं काही काम नव्हतं. भोरीकडं बघितलं, तर तिनं डोळे मिटून घेतलेले.

"माज्यासाठी," आबा म्हणाले.

इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं पलीकडं पोचलंच नसेल. पण पोचलं, कारण पलीकडून श्वास ऐकू आला.

"मला करमत न्हाई," आबा म्हणाले. आता थांबेचनात. "ये तू. घर खायाला उठतंय. त्या दिवशी तू स्टँडवर बसली आन मी हितं म्हनत बसलो, येईल की. चुकलो मी. रोज सांगीन म्हनतो आन म्हैस मधी येती. ये तू घरला. मी येऊ का न्यायला?"

"आता विचारायलाव?" मावशींचा आवाज भरून आला होता, पण शब्दाला धार होती. "या की."

पुढं मावशी बराच वेळ बोलत होत्या. येताना माझं हिरवं लुगडं आणा, धुतलेलं आणा, लेकीला मेतकूट आणा, रिकाम्या हातानं जावयाच्या दारात येऊ नका. मधे रेडिओ चालू झाला, हवामानाचा अंदाज सांगितला, बंद झाला. "ऐकायलाव न्हवं?" मावशींनी विचारलं. "अवो?"

गोठ्यात मी आणि म्हैस. आबा "या की" एवढंच ऐकून उठले होते, टॉवेल खांद्यावर टाकला होता, आणि गुडघ्यांची पर्वा न करता फाट्याकडं सुटले होते. सहाची बस धरायला.

मी दावणीतला फोन उचलला. "मावशी, मी बोलतोय. ते निघाले."

"निघाले? आत्ताच? लुगडं घेतलं का?"

"नाही."

"मेतकूट?"

"नाही मावशी. टॉवेल तेवढा घेतलाय."

"आन फोन? फोन तरी घेतला का त्यांनी संगं?"

"फोन माझ्या हातात आहे. पळत जाऊन देऊ का?"

मावशी हसायला लागल्या. हसत हसत कुणाला तरी तिकडं सांगितलं, चहा टाक गं, बाप यायलाय तुझा. मग मला म्हणाल्या, "राहू द्या हो, डाक्टर. आता त्यांला फोनचं काय काम?"